घरचा फळा

नाताळापूर्वीच्या विक्रीसाठी लहान लहान फळे स्वहस्ते करावेत, असे आमच्या बालवर्गाने ठरविले आणि त्या उद्योगात आम्हीही ओढले गेलो. स्वयंपाकघरात टांगून त्यावर किराण्याची यादी लिहावी, एवढाच त्यांचा उपयोग. फळ्याचा तयार रंग बाजारात मिळतो. परंतु मुलांस तो घरीच सिद्ध करावयाचा होता. आमच्या लहानपणी वाटलेला कोळसा व हिरवा पाला फळ्यावर चोळला की काम झाले. हात तेवढे दोन दिवस काळे राहत!

प्रथम आम्ही काळ्या इमल्शन रंगात प्लास्टर ऑफ पॅरिस कोरडेच लोटले. रंगातील पाणी लागताच ते आवळू लागले आणि पाव तासात डब्यात नुसत्या गुठळ्या उरल्या. दुसऱ्या खेपेस फरशीच्या सांध्यांत भरतात ती वाळूविरहित पूड घेतली. पाव लिटर रंगास दोन टेबलचमचे पूड, तीही नाकातोंडास फडके बांधून, हळूहळू ढवळीत. हे प्रमाण साधले. गुळगुळीत पृष्ठावर खडू नुसता घसरतो. त्यास झिजवून कण धरून ठेवणारा सूक्ष्म खरखरीतपणा हवा, आणि तो ही पूड देते. पूड अधिक झाली तर मात्र लिहिलेले पुसले जात नाही.

दोन हात देऊन फळी तीन दिवस वाळू द्यावी. मग खडू आडवा धरून सगळ्या पृष्ठावर चोळावा व फडक्याने पुसावा. म्हणजे पहिली अक्षरे रंध्रांत रुतून बसत नाहीत. एका मुलीस इतका धीर निघाला नाही. तिचे नाव तिच्या फळ्यावर अद्याप अंधुक दिसते, आणि तिला त्याचा मुळीच खेद नाही.

याच गडबडीत एक मुलगा कोठीच्या जुन्या दाराची फळी व्हरांड्यात आणून पॉलिश पेपरने घासू लागला. आम्ही शाबासकीही देऊन चुकलो होतो. इतक्यात रंगकाम करणाऱ्या एका गृहस्थांनी पुढे होऊन त्याचा हात धरला. जुन्या तैलरंगांत पुष्कळदा शिसे असते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. ते दार त्याच्या कितीतरी आधीचे. घासल्याने उडणारी धूळ श्वासातून व हातांवाटे पोटात जाते आणि मुलांच्या मेंदूस अपाय करते. शिशाची निर्धोक अशी मात्रा ज्ञात नाही. त्या फळीत शिसे होते की नाही, हे आम्ही तपासले नाही. पण मुलांस तत्काळ दूर करून हात धुवावयास लावले. केरसुणी न लावता ओल्या फडक्याने व्हरांडा पुसला, फडके टाकून दिले आणि फळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नव्या प्लायवुडचे तुकडे कापून आणले. त्या मुलाने आपल्या वाट्याचे दोन घेतले आणि घासण्याआधी विचारले, "फादर, हे चालेल ना?"