धूर मोजला जातो, तार पाहिली जात नाही

थंडीच्या तोंडावर दिल्लीतील हवेचा निर्देशांक 200 च्या पुढे सरकला की डिझेल जनित्रांवरील निर्बंधांची बातमी ठरल्याप्रमाणे येते. वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने सप्टेंबर 2023 मध्ये राजधानी क्षेत्रातील जनित्रांची क्षमतेनुसार वर्गवारी केली. 19, 125 आणि 800 किलोवॅट अशा सीमारेषा आखल्या गेल्या, मोठ्या यंत्रांना धूर रोखणारी उपकरणे किंवा गॅसमिश्रित इंधन अनिवार्य झाले. हे योग्यच झाले. परंतु जनित्र घराच्या तारांना कसे जोडले आहे, हा प्रश्न या संपूर्ण चर्चेत कोठेच नाही. आणि माणसाचा जीव घेण्यास धुराला वर्षे लागतात, चुकीच्या जोडणीला क्षणही पुरतो.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या शेजारचे मुनिरका हे जुने गाव डोळ्यांसमोर आणावे. समोरासमोरचे सज्जे एकमेकांना भिडतील इतक्या अरुंद गल्ल्या, डोक्यावर तारांची जाळी, प्रत्येक मजल्यावर भाड्याच्या खोल्या. त्यांत महाराष्ट्रातून शिकायला आलेली मुलेही राहतात. अशा वस्तीत उन्हाळ्यात वीज गेली की पाण्याचा पंप थांबतो आणि चार मजल्यांची तक्रार घरमालकाच्या दारात येते. (19 जून 2024 रोजी दिल्लीची मागणी 8,656 मेगावॅटवर पोहोचली होती, तशा दिवसांत गल्लीतील फ्यूज उडणे नवलाचे नाही.) मालक छोटे जनित्र आणतो. ते घराला जोडण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे दोन्ही टोकांना पिना असलेली वायर: एक पिन जनित्रात, दुसरी भिंतीतल्या सॉकेटमध्ये. दिवे लागतात, पंप चालतो, सगळे खूश.

मात्र मेन स्विच बंद करायचा राहिला, तर हीच वीज मीटरमधून उलट दिशेने गल्लीच्या तारेत शिरते. तेथून ती रोहित्रापर्यंत जाते. रोहित्राला दिशा कळत नाही. 11,000 व्होल्टचा दाब उतरवून घराला पुरवणारे हे यंत्र खालून 230 व्होल्ट मिळाले की वरच्या बाजूला सुमारे 10,000 व्होल्ट उभे करू शकते. वीज बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातात त्या वेळी जिवंत तार असते. घरातली ती वायरही तितकीच घातक: सॉकेटमधून निसटली की तिच्या उघड्या पिनांत 230 व्होल्ट असतात.

यावर हमखास उत्तर येते की, एवढेसे यंत्र साऱ्या गल्लीचा भार कसा उचलणार, ते लगेच बंद पडेल. बहुतेक वेळा तसेच घडते, म्हणूनच हा गैरसमज टिकून आहे. पण दुरुस्तीसाठी लाइनमन तारेचा तुकडा बाकीच्या जाळ्यापासून तोडतो, तेव्हा शेजाऱ्यांचा भारही त्याबरोबर सुटतो. मग पाच किलोवॅटचे जनित्र त्या तुकड्यात आरामात दाब टिकवते. ज्या घडीला माणूस खांबावर असतो, नेमक्या त्याच घडीला हे संरक्षण नाहीसे होते.

लाइनमनने काम सुरू करण्यापूर्वी तार तपासावी, दोन्ही बाजूंनी अर्थ करावी, हे खरेच आहे. 4 मार्चला लाइनमन दिवस साजरा करताना त्याच्या हातमोज्यांवर भरभरून बोलले जाते. पण दुसऱ्याच्या घरातील निष्काळजीपणाची भरपाई त्याच्या सावधपणातून वसूल करणे न्याय्य नव्हे.

उपाय जुना आणि साधा आहे: चेंजओव्हर स्विच. त्याचा दांडा एका बाजूला टाकला की घर वीज कंपनीच्या तारेवर, दुसऱ्या बाजूला टाकला की जनित्रावर, मध्ये बंद. दोन्ही बाजू एकदम जोडल्या जाणे त्याच्या रचनेतच अशक्य असते. ‘मी आठवणीने मेन बंद करतो’ या भरवशाची येथे गरजच उरत नाही. तो फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा असावा: एकफेजी घराला दोन पोलचा, तीनफेजीला चार पोलचा. शिवाय छोट्या जनित्रांचे न्यूट्रल पुष्कळदा अर्थला जोडलेले नसते. तशा वेळी 30 मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारे घरातले उपकरण जनित्रावर मुके राहू शकते. हे काम परवानाधारक वायरमनचेच आहे.

आता खरी विसंगती. छतावरील सौर पॅनेल ग्रिडला जोडायचे, तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2013 चे नियम सांगतात की, ग्रिडची वीज गेल्यावर त्या यंत्रणेने दोन सेकंदांच्या आत पुरवठा थांबवला पाहिजे. कारण तेच: तारेवर काम करणारा माणूस. जनित्राबाबतही भारतीय विद्युत नियम, 1956 मधील नियम 47-अ नुसार ते सुरू करण्याच्या 30 दिवस आधी पुरवठादाराला व विद्युत निरीक्षकाला कळवणे बंधनकारक होते. मुनिरकेतला कोणता घरमालक दुकानातून जनित्र आणल्यावर अशी सूचना धाडत बसला असेल? सौर पॅनेलची तपासणी होते कारण मीटर बदलल्याशिवाय ते जोडताच येत नाही. जनित्राला असा अडसर कोठेच नाही.

म्हणून सक्ती विक्रीच्या ठिकाणी हवी. चेंजओव्हर स्विचशिवाय घरगुती जनित्र विकता येऊ नये, आणि वीज कंपनीच्या माणसाने मीटर बसवताना वा बदलताना तो पाहून नोंदवावा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर कोकणातील अनेक गावे दीर्घ काळ अंधारात होती आणि खांब उभे करायला बाहेरून पथके आली होती. तशा प्रसंगी कोणत्या घरात जनित्र चालू आहे हे परगावच्या लाइनमनला कोण सांगणार?

तोवर मुनिरकेच्या भाडेकरूला निदान एक गोष्ट पाहता येईल. जनित्र चालू असताना जिन्याखालच्या मीटरपाशी जावे आणि चेंजओव्हरचा दांडा कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. तेथे दांडाच नसेल आणि वायर सॉकेटमध्ये खोचलेली असेल, तर तिला हात न लावता आधी जनित्र बंद करायला सांगावे.