ड्रॅक्स : एका आडनावाचा सातबारा

इंग्लंडात एकेका आडनावाचा पिच्छा पुरवणाऱ्या हौशी मंडळींचा संघ आहे. १९७९ साली निघाला. ही मंडळी एक आडनाव धरतात, चर्चच्या जुन्या वह्या, १८८१ ची खानेसुमारी, मृत्युपत्रं चाळतात आणि नकाशावर ठिपके देतात. स्मिथ, ब्राऊन असल्या आडनावांना नकाशा पुरत नाही. पण दुर्मीळ आडनाव असलं की ठिपके एका कोपऱ्यात गोळा होतात. अमक्या नदीकाठी, तमक्या तालुक्यात. मग हे लोक गहिवरतात. हे आडनाव आता नामशेष होणार म्हणून हळहळतात, जणू माळढोकच!

हळहळ करायला माझी ना नाही. पण आडनाव हे पाखरू नाही. आडनावाला जमीन लागते, कोर्ट लागतं, वारस लागतो. काही आडनावं दुर्मीळ असूनही मरत नाहीत, कारण ती मरू देणं परवडत नाही. अशा एका आडनावाची कुंडली मांडतो. आडनाव आहे ड्रॅक्स.

आधी ते आलं कुठून ते बघू. यॉर्कशायरमध्ये सेल्बीजवळ, ऊझ आणि एअर या दोन नद्यांच्या बेचक्यात ड्रॅक्स नावाचं गाव आहे. १०८६ च्या राजाच्या जमीन-पाहणीत त्याची नोंद आहे, 'ड्राक' अशी. इंग्लंडात आडनावं वंशपरंपरेनं चिकटली ती साधारण ११०० ते १४०० च्या दरम्यान. त्यातली बरीचशी गावावरून. गंमत अशी की गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोणी लावत नाही, तिथं सगळेच त्या गावचे. गाव सोडून दुसरीकडे पोट भरायला गेलेल्यालाच ते चिकटतं. आपल्याकडच्या 'कर' लावलेल्या आडनावांचंही तेच. म्हंजे गावाचं आडनाव ही मुळात गाव सुटल्याची खूण.

आणि ड्रॅक्स या शब्दाचा अर्थ काय? स्थळनामांचे अभ्यासक सांगतात, नावा पाण्याबाहेर ओढून काढायची, खेचून न्यायची जागा. हे वाचलं आणि मी ताडकन उठून बसलो. च्यायला, हे तर आपल्या धंद्यातलं नाव! दोरखंड खांद्यावर घेऊन होडी चिखलातून ओढणारे कोणीतरी हजार वर्षांपूर्वी तिथं होते, त्यांच्या घामावरून जागेला नाव पडलं. त्यातल्या एकाचंही नाव कुठल्या वहीत नाही. ओढणाऱ्यांचं नाव पडलं जागेला, जागेचं नाव लागलं घराण्याला आणि घराण्याचं नाव गेलं समुद्रापार.

समुद्रापार गेला तो जेम्स ड्रॅक्स. वॉरिकशायरमधल्या स्टोनली गावच्या पाद्र्याचा पोरगा. १६२७ मध्ये बार्बाडोस बेटावर इंग्रजांची पहिली वसाहत झाली, तिच्यात हा होता. खिशात तीनशे पौंड होते म्हणे. वर्षाला दहा हजार पौंड देणारी जमीन इंग्लंडात घेता येईल तेव्हाच परत जाईन असं तो बोलून दाखवायचा. हे लिहून ठेवलंय रिचर्ड लिगन नावाच्या इंग्रजानं. तो १६४७ ते १६५० बेटावर होता, त्याचं पुस्तक १६५७ मध्ये निघालं. ड्रॅक्सच्या घरच्या मेजवानीचंही त्यानं वर्णन केलंय. बेटावर गुरं कमी, गोमांस महाग, पण ड्रॅक्सच्या टेबलावर चौदा थाळ्या आणि चौदाही गोमांसाच्या. बाकीच्यांना कंदमुळं.

एवढा पैसा आला तो साखरेतून. तंबाखू-कापसात बरकत नव्हती. ब्राझीलच्या पेर्नांबुकोत तेव्हा डचांचं राज्य होतं, तिथली ऊस गाळायची विद्या १६४० च्या दशकात बार्बाडोसला आणणाऱ्यांत जेम्स ड्रॅक्स पुढे होता. ऊस म्हंजे काय ते आपल्याला सांगायला नको. तोडलेला ऊस एक-दोन दिवसांत गाळला नाही तर रस आंबतो. म्हणून घाणा रात्रंदिवस चालतो, चुलाणं विझत नाही, म्हणून पाळ्या. घाण्यात हात सापडला तर लगेच तोडायला बाजूला कुऱ्हाड ठेवलेली असायची. आणि हे सगळं कोणाच्या जिवावर? आफ्रिकेतून पकडून, जहाजाच्या तळाशी कोंबून आणलेल्या माणसांच्या. १६६१ मध्ये बार्बाडोसच्या मळेवाल्यांनी कायदाच केला. मालकाच्या शिक्षेत गुलाम मेला तर बहुतेक मालक मोकळा. आपल्याकडे मनू होता, त्यांच्याकडे असेंब्ली होती.

जेम्सचा मुलगा हेन्री. यानं १६७९ च्या सुमारास आपल्या मळ्याच्या कारभाऱ्यासाठी सूचना लिहून ठेवल्या. खड्डे कसे खणायचे, शेणखत किती घालायचं, दारू कोणाला किती द्यायची. त्यातच एक कलम असं की मळा चालू ठेवायला दरवर्षी दहा-पंधरा नवे गुलाम विकत घ्यावे. परत वाचा. दरवर्षी दहा-पंधरा. म्हंजे तेवढी माणसं दरवर्षी मरणार हे त्यानं खर्चात धरलेलं आहे, जसं आपण बारदान फाटणार हे धरतो. कॅरिबियन देशांच्या भरपाई आयोगाचे अध्यक्ष, बार्बाडोसचे इतिहासकार हिलरी बेकल्स यांचा अंदाज आहे की ड्रॅक्सच्या बार्बाडोस आणि जमैका इथल्या मळ्यांवर दोनशे वर्षांत तीसेक हजार माणसं मेली.

आता माझा मुद्दा. हेन्री ड्रॅक्स १६८२ मध्ये मेला. पोर ना बाळ. आडनावाच्या नियमानं ड्रॅक्स तिथंच संपायला हवं होतं. हौशी मंडळींनी एक ठिपका पुसायचा आणि हळहळायचं. पण मृत्युपत्रात अट होती. मळा भाच्याला, थॉमस शेटर्डनला, पण त्यानं ड्रॅक्स आडनाव लावलं तर. भाच्यानं लावलं. कोण नाही लावणार?

पुढं हाच खेळ पिढ्यान्‌पिढ्या. त्या घरातल्या एका हेन्री ड्रॅक्सनं डॉर्सेटमधल्या चारबरो इस्टेटीची वारस एलिझाबेथ अर्न्ल हिच्याशी लग्न केलं, आणि घराणं डॉर्सेटला येऊन बसलं. मग मुलगा उरला नाही, मुलगी उरली. जावई आला ग्रोव्हनर, त्यानं अर्ल-ड्रॅक्स जोडून घेतलं. त्याच्या मुलीशी १८२७ मध्ये लग्न केलं जॉन सॉब्रिज नावाच्या गृहस्थानं, तोही अर्ल-ड्रॅक्स झाला. १९१६ मध्ये ॲडमिरल रेजिनाल्ड प्लंकेट याला आईकडून इस्टेट आली, तो झाला प्लंकेट-अर्न्ल-अर्ल-ड्रॅक्स. एका माणसाला चार आडनावं! १९३९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडनं मॉस्कोला वाटाघाटीला पाठवला तो हाच. इयान फ्लेमिंगच्या १९५५ च्या 'मूनरेकर' कादंबरीतला खलनायक ह्युगो ड्रॅक्स, त्याचं नाव या ॲडमिरलवरूनच घेतलं असं मानतात. १९७९ मध्ये त्यावर सिनेमा आला. लोकांनी खलनायकाचं नाव लक्षात ठेवलं आणि मळा विसरले.

आपल्याकडे घरजावयाची टिंगल करतात. तिकडे घरजावई राजाच्या शिक्क्यानिशी आडनाव बदलतो. रक्त शेटर्डनचं, ग्रोव्हनरचं, सॉब्रिजचं, बर्टनचं, प्लंकेटचं. नाव मात्र ड्रॅक्स. म्हणून म्हणतो की हे आडनाव नव्हे, हा सातबारा आहे. मालक बदलले तरी उताऱ्याच्या माथ्यावरचं नाव तेच ठेवायचं.

याच सॉब्रिज-अर्ल-ड्रॅक्सचा हिशेब बघा. १८३३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं गुलामी बंद करायचा कायदा केला, १ ऑगस्ट १८३४ पासून तो लागू. तरी वर चार वर्षं 'उमेदवारी' म्हणून फुकट राबवून घेतलं, १८३८ पर्यंत. भरपाईसाठी दोन कोटी पौंड काढले. भरपाई कोणाला? मालकाला. माल गेला ना बिचाऱ्याचा. ड्रॅक्स हॉलच्या १८९ माणसांबद्दल या साहेबाला ४,२९३ पौंड १२ शिलिंग ६ पेन्स मिळाले. डोई साधारण पावणेतेवीस पौंड. राबलेल्याला छदाम नाही. त्या भरपाईसाठी सरकारनं जे कर्ज काढलं ते फिटलं २०१५ मध्ये. म्हंजे कॅरिबियनमधून लंडनला येऊन बस चालवणाऱ्या, हॉस्पिटलात राबणाऱ्या माणसांच्या पगारातूनही ते कापलं गेलं. पणजोबा विकल्याची किंमत पणतवंडानं भरायची.

भरपाईनंतर काही वर्षांतच, १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला, साहेबांनी चारबरो इस्टेटीभोवती भिंत बांधली. तीनेक मैल लांब, वीस लाखांवर विटा. लोक तिला डॉर्सेटची मोठी भिंत म्हणतात. पैसा कुठून आला हे मी सांगत नाही. तारखा फक्त शेजारी शेजारी ठेवतो.

आता नकाशा मांडा. ड्रॅक्स गाव यॉर्कशायरमध्ये. तिथं १९७० च्या दशकात प्रचंड वीजकेंद्र उभं राहिलं, त्याला गावाचं नाव, घराण्याशी संबंध नाही. कोळसा सुटून आता तिथं लाकडाच्या गोळ्या जाळतात, त्या बऱ्याचशा मिसिसिपी-लुइझियानाकडून जहाजानं येतात. गुलामीचे जुनेच मुलूख, जहाजही तेच, माल तेवढा वेगळा. दुसरा ठिपका डॉर्सेट. तिसरा ड्रॅक्स हॉल, बार्बाडोसच्या सेंट जॉर्ज परगण्यात. चौथा ड्रॅक्स हॉल, जमैकाच्या सेंट ॲन परगण्यात. तो मळा पुढे बेकफर्ड घराण्याकडे गेला, नाव राहिलं. तिथं गुलामांच्या वस्तीच्या जागी उत्खनन झालंय. त्यांची मडकी, त्यांच्या चुली सापडल्या. नावं कशी सापडणार?

कारण नावांचं काय केलं होतं तेही ऐका. बार्बाडोसमध्ये १८१७ पासून १८३४ पर्यंत गुलामांची नोंदवही ठेवली. नाव, वय, लिंग, रंग, कुठं जन्मला, काम काय. नाव म्हंजे बहुतेक एकच शब्द. आडनावाचा रकानाच नाही. बापाचं नाव नाही, गावाचं नाही, आफ्रिकेतल्या भाषेचं तर नाहीच. ज्याच्या नावावर काही यायचं नाही त्याला आडनाव कशाला? १८३४ मध्ये त्या एवढ्याशा बेटावर ८३ हजारांच्या आसपास माणसं होती अशी. सुटल्यावर त्यांनी मिळेल ते आडनाव लावलं, पुष्कळदा मालकांचंच. अमेरिकेत माल्कम एक्सनं याच कारणासाठी लिटल हे आडनाव फेकलं आणि त्या जागी फुली मारली. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये आपल्या मुंबईत पँथर उभी राहिली, तो पँथरही या फुलीच्याच पिढीतला.

आपल्या गोदीलाही असलं आडनाव चिकटलंय. कर्नाक बंदर कुणाचं? मुंबईचा १८३९ ते १८४१ चा गव्हर्नर रिव्हेट-कर्नाक. याचा बाप मूळचा नुसता रिव्हेट. मेव्हणा जनरल कर्नाक मेला, मृत्युपत्रातून इस्टेट आली, म्हणून १८०१ मध्ये कर्नाक झाला. तीच पद्धत! कर्नाक पुलाची पाटी २०२५ मध्ये बदलली. पाटी बदलून ओझं हलकं होत नाही हे आम्हा हमालांना कोणी शिकवायला नको.

पाटीचं सोडा, जमिनीचं बोला. सुटका झाली तेव्हा बार्बाडोसमध्ये मोकळी जमीन उरलीच नव्हती, सगळी मळेवाल्यांची. मग सुटलेले लोक मळ्याच्या जमिनीवरच भाड्यानं राहिले, राबले नाही तर हकालपट्टी. म्हणून त्यांनी घरं बांधली ती लाकडाची, खिळे काढून, फळ्या मोकळ्या करून दुसरीकडे नेता येतील अशी. झोपडपट्टीत वाढलेल्याला ही घरं फोटोतही ओळखू येतील. १९८० मध्ये बार्बाडोस सरकारनं कायदा केला, मळ्यावर राहणाऱ्या कुळांना घराखालची जमीन चौरस फुटाला दहा सेंट दरानं विकत घ्यायचा हक्क.

आणि ड्रॅक्स हॉल? तो अजूनही घराण्यात. २०१७ मध्ये बाप गेला आणि तो रिचर्ड ड्रॅक्सकडे आला. हा २०१० ते २०२४ साउथ डॉर्सेटचा हुजूर पक्षाचा खासदार. पूर्ण आडनाव चारपदरी, मतपेटीसाठी एकच पद. डिसेंबर २०२० मध्ये वर्तमानपत्रांत बोंब झाली तेव्हा त्याचं म्हणणं असं की झालं ते अत्यंत खेदजनक, पण शेकडो वर्षांपूर्वीच्या गोष्टीला आज कोणी जबाबदार नाही.

मीही म्हणतो पाप वारशानं येत नाही. पापाबद्दल कोण बोलतंय? वारशानं जमीन आली, तिच्याबद्दल बोला. आडनाव घ्यायला सगळे जावई-भाचे धावले ते जबाबदारी नको म्हणून? शेकडो वर्षांपूर्वीचं मृत्युपत्र आज चालतं, तर शेकडो वर्षांपूर्वीचा हिशेब का चालत नाही?

३० नोव्हेंबर २०२१ ला बार्बाडोसनं राणीला निरोप दिला, प्रजासत्ताक झाला. २०२२ मध्ये ड्रॅक्स तिथं जाऊन पंतप्रधान मिया मॉटली यांना भेटला. लोकांना वाटलं, देतोय बहुतेक. एप्रिल २०२४ मध्ये बातमी आली की सरकारच ड्रॅक्स हॉलची ५३ एकर जमीन घरं बांधायला बाजारभावानं विकत घेणार. आकडा तीसेक लाख पौंडांचा. लोक खवळले, मॉटलींनी व्यवहार थांबवला.

मी मॅट्रिक. गणित बरं होतं. एकरात ४३,५६० चौरस फूट. ५३ एकरांचे झाले २३,०८,६८०. दहा सेंटनं २,३०,८६८ बार्बाडोस डॉलर. दोन बार्बाडोस डॉलरचा एक अमेरिकन, म्हंजे १,१५,४३४ अमेरिकन डॉलर. तो कायदा राहत्या घराखालच्या जमिनीचा होता, मोकळ्या रानाचा नव्हता, मान्य. पण संसद एकदा दर ठरवू शकते तर पुन्हाही ठरवू शकते. माझ्या मते तर दर उलटा लागतो. १८३६ मध्ये उचललेले ४,२९३ पौंड १२ शिलिंग ६ पेन्स आधी जमा करा, त्यावर व्याज चढवा, मग उरलं तर बाजारभावाचं बघू. आणि खरेदीखतावर खरेदीदार म्हणून नोंदवहीतली ती १८९ एकेरी नावं लिहा.