'पुढील आदेशापर्यंत' म्हणजे नेमकं कधीपर्यंत?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. कोविडचा विषय काढला की हल्ली लोक म्हणतात, "सोडा हो, झालं ते झालं." पण ज्या कायद्यांच्या जोरावर तेव्हा दुकानं, शाळा, लोकल, लग्नं, अंत्ययात्रा सगळं बंद झालं, ते कायदे आजही कपाटात तसेच आहेत. पुढची साथ आली की तोच कागद निघणार, फक्त तारीख बदलून. म्हणून लिहितोय.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, नाहीतर अर्ध्या कॉमेंट्स त्यावरच येतील. निर्बंधच नको होते, असं माझं म्हणणं नाही. मार्च २०२० मध्ये सगळं बंद करणं भाग होतं. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी लोक रात्र रात्र फिरत होते, तेव्हा कडक निर्बंध लावले तेही बरोबरच केलं. माझा राग आहे तो 'मुदतवाढ' या एका शब्दावर.

आठवून बघा. ३१ मे २०२० ला 'मिशन बिगिन अगेन' आलं, ते ३० जूनपर्यंत. मग ३१ जुलै. मग ३१ ऑगस्ट, ३० सप्टेंबर, ३१ ऑक्टोबर, ३० नोव्हेंबर, ३१ डिसेंबर, ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, ३१ मार्च. महिना संपत आला की एक आदेश निघायचा. लॉकडाऊनची मुदत अमुक तारखेपर्यंत वाढवण्यात येत आहे, कारण राज्याला विषाणूचा धोका आहे. बस. गेल्या महिन्यात कुठला निर्बंध उपयोगी पडला, कुठला नुसता त्रास ठरला, हा हिशोब त्या कागदात नसायचा. त्या महिन्यांत रुग्णसंख्या चढली, उतरली, पुन्हा चढली. आदेशाची भाषा मात्र तीच. वीजबिलसुद्धा दर महिन्याला रीडिंग घेऊन येतं हो!

आता कायदा काय म्हणतो ते बघू. रस्त्यावर चार माणसं जमू नयेत म्हणून कलम १४४ लावतात ना (नव्या संहितेत ते १६३ झालंय), त्या आदेशाला दोन महिन्यांची मर्यादा आहे. राज्य सरकारला फार तर आणखी सहा महिने वाढवता येतो. राज्यपालांचा अध्यादेश अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत विधिमंडळाने मंजूर केला नाही तर आपोआप मरतो. राष्ट्रपती राजवट लावली तरी दर सहा महिन्यांनी संसदेची मंजुरी लागते. आणि साथरोग कायदा, १८९७? चार-पाच कलमांचा कायदा. त्यात शब्द आहे 'तात्पुरते नियम'. तात्पुरते म्हणजे किती दिवस, ते कुठेच लिहिलेलं नाही. ते नियम कुणापुढे मांडायचे, कुणी तपासायचे, तेही नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातही या आदेशांना कालमर्यादा नाही.

१८९७ का, हे पुणेकरांना तरी सांगायला नको. प्लेग आला, फेब्रुवारीत इंग्रजांनी हा कायदा केला आणि लगेच रँडसाहेबाचे सोल्जर घराघरात घुसले. पुढे २२ जूनला गणेशखिंडीत काय झालं ते शाळेत शिकलोच आहोत. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. साथ खरी असते आणि साथीच्या नावाने घेतलेले अधिकारही खरे असतात, हे दोन्ही या शहराने एकाच वर्षी पाहिलं. रँडवरचे धडे आपण मुलांना शिकवतो आणि त्याच्या हातातला कायदा मात्र सांभाळून ठेवतो.

"पण मुदत वाढवली तर बिघडलं काय? मास्कच तर घालायचा होता." इथेच गंमत आहे. आदेशाची मुदत वाढली की फक्त मास्क वाढत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५० काढून वाचा. आपत्तीत तातडीची खरेदी करायची असेल तर निविदा मागवायची अट माफ. कलम ७३ वाचा. सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल अधिकाऱ्यावर दावा नाही. साथरोग कायद्यातही तसंच संरक्षण आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे हवंच. व्हेंटिलेटर घ्यायचाय आणि तुम्ही निविदेसाठी एकवीस दिवस थांबलात तर माणूस जाईल. पण दहाव्या महिन्यात? विसाव्या महिन्यात? तोवर नेहमीच्या पद्धतीने खरेदी करायला कुणी अडवलं होतं? आणीबाणी जितके महिने लांबते तितके महिने बिनप्रश्नाची खरेदी लांबते. हा साधा हिशोब आहे, त्यासाठी कुणाला चोर म्हणायची गरज नाही.

मुंबईचं उदाहरण घ्या. मार्च २०२० मध्ये स्थायी समितीनेच खर्चाचे अधिकार प्रशासनाला देऊन टाकले. त्या वेळी ते ठीकच होतं. नंतर नगरसेवक महिनोन्‌महिने हिशोब मागत बसले. पुढे २०२२ मध्ये कॅगकडे चौकशी गेली तेव्हा पालिकेने कोविड खर्चाच्या तपासणीला याच साथरोग कायद्याचा आधार घेऊन नकार दिला. मार्च २०२३ मध्ये अहवाल विधिमंडळात आला, साधारण १२ हजार कोटींच्या कामांबद्दल. त्यातली साडेतीन हजार कोटींच्या आसपासची कोविडची कामं तपासणीबाहेर राहिली. प्लेगसाठी केलेला कायदा ऑडिटवर औषध म्हणून चालला. आणि हा पैसा तुमच्या-माझ्या मालमत्ता कराचा.

आता श्रेयही देतो. जून २०२१ मध्ये सरकारने पाच स्तरांची पद्धत आणली, ती खरंच चांगली होती. पॉझिटिव्हिटी दर ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेले, तर पहिला स्तर, जवळपास सगळं खुलं. म्हणजे पहिल्यांदाच जिल्ह्याला कळलं की काय केलं की दार उघडतं. ७ जूनला हे लागू झालं. २५ जूनला नवा आदेश: आकडे काहीही असोत, कुठलाच जिल्हा तिसऱ्या स्तराच्या खाली येणार नाही, वेगळा आदेश निघेपर्यंत. डेल्टा प्लसची भीती होती, मान्य. मग निकष बदला, ५ चे ३ करा, आणि तसं सांगा. पण निकषच बाजूला ठेवून 'पुढील आदेशापर्यंत'? तीन आठवड्यांत खेळाचे नियम मोडले. ज्या जिल्ह्याने घाम गाळून दर खाली आणला त्याच्याही दुकानांचं शटर दुपारी चारला खाली. चारनंतर विषाणू जास्त चावतो का, हा प्रश्न तेव्हा प्रत्येक दुकानदाराच्या तोंडात होता. उत्तर आजतागायत आलेलं नाही.

आणि शाळा. हे लिहिताना अजूनही हात थरथरतो. ५ ऑक्टोबर २०२० ला हॉटेलं आणि बार ५० टक्के क्षमतेने उघडले. मुंबईतले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १५ डिसेंबर २०२१ ला. चौदा महिन्यांनी! बारवाल्यांवर माझा राग नाही, त्यांनाही पोट आहे, तिथल्या वेटरलाही आहे. पण बारमालकांना संघटना आहे, महसूल आहे, मंत्रालयात ओळख आहे. सहा वर्षांच्या पोराला काय आहे? जे पोर पहिलीत घातलं ते थेट दुसरीत जाऊन शाळेची इमारत आतून बघतं, आणि या काळात एकाही आदेशात कुणी लिहून सांगत नाही की त्या पोराचं किती नुकसान झालं आणि ते कशासाठी. सभागृहात दर महिन्याला मुदतवाढ मांडावी लागली असती, तर निदान एखादा आमदार, एखादी नगरसेविका उठून विचारती तरी, "साहेब, बार आधी का?"

सभागृहावरून आठवलं. एप्रिल-मे २०२० मध्ये नवी मुंबई आणि औरंगाबाद महापालिकांची मुदत संपली. कोविडमुळे निवडणूक पुढे ढकलली, प्रशासक बसले. तेव्हा योग्यच. मग साथ ओसरली, १ एप्रिल २०२२ पर्यंत निर्बंधही उठले, पण प्रशासक हलले नाहीत. आता कारण आरक्षणाचं, मग प्रभागरचनेचं, मग कोर्टाचं. तिथे मतदान झालं ते जानेवारी २०२६ मध्ये. पाच वर्षांहून जास्त काळ गटार तुंबलं तर जाब विचारायला नगरसेवक नाही. सुरुवातीचं कारण साथ होती, हे सगळे विसरूनही गेले.

कुणी म्हणेल, हा मविआवर राग आहे. अजिबात नाही. जून २०२२ मध्ये सरकार बदललं. 'मंदिरं उघडा' म्हणून आंदोलनं करणारे सत्तेत बसले. त्यांनी कायदा बदलला? विधि आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपला २८६ वा अहवाल खास या १८९७ च्या कायद्यावर दिला, तो अपुरा आहे असं सांगितलं. केरळने २०२३ मध्ये स्वतःचा सार्वजनिक आरोग्य कायदा केला. सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे, मग महाराष्ट्राला कुणी धरून ठेवलंय? विरोधात असताना बोचणारा अधिकार खुर्चीवर बसल्यावर मऊ लागतो, दुसरं काय.

आणि "साथीत चर्चा करत बसायला वेळ कुठे असतो?" हा प्रश्न. पहिल्या तीस दिवसांत नसतो. ते तीस दिवस आयुक्तांना, कलेक्टरना खुशाल द्या. एकतिसाव्या दिवशी मात्र मुदतवाढ महापालिकेच्या नाहीतर जिल्हा परिषदेच्या सभेत आली पाहिजे, ऑनलाइन का होईना. सोबत तीन कागद: मागच्या महिन्याचे आकडे, प्रत्येक निर्बंधाचं कारण, आणि निविदेशिवाय काय-काय घेतलं त्याची दरासकट यादी. सभेने हात वर केले नाहीत तर आदेश त्या रात्री बारा वाजता संपला. आपल्या आमदाराला विचारा, असं अशासकीय विधेयक तुम्ही मांडणार का? मी माझ्या आमदारांना पत्र पाठवलंय, मसुदा पहिल्या कॉमेंटमध्ये टाकतो. नाव-पत्ता बदलून वापरा.