रंगीत प्रकाश आणि नर्तकाची पावले

पालघर जिल्ह्यातील वारली पाड्यांवर भाताची कापणी आटोपली की मोकळ्या जागेत रात्री तारपा घुमू लागतो. वाळलेला दुधी भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांपासून घडलेले हे वाद्य वाजविणारा मध्यभागी असतो. स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून फेर धरतात. सूर पालटला की पावले पालटतात. तेथे चांदण्याचा मंद उजेड पुरेसा होतो, कारण शेजाऱ्याचा हात आणि वादकाचा सूर हेच नर्तकांचे मार्गदर्शक असतात.

हेच नृत्य बोईसर-तारापूर परिसरातील एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा उत्सवाच्या रंगमंचावर येते, तेव्हा क्षणोक्षणी रंग बदलणारे दिवे त्याच्या स्वागतास सज्ज असतात. हे दिवे नृत्यास साहाय्य करतात की अडथळा, हा विचार आयोजकांनी अवश्य करावा.

रंग आणि भाव यांचे नाते आपल्याकडे प्राचीन आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रौद्र रसाचा वर्ण लाल, अद्भुताचा पिवळा आणि हास्याचा श्वेत सांगितला आहे. जैन दर्शनातील सहा लेश्याही वर्णांनी ओळखल्या जातात. मात्र तेथे लाल वर्णाची तेजोलेश्या शुभ मानली जाते. एकच रंग एका परंपरेत क्रोध सुचवितो, तर दुसरीत मंगल परिणाम. म्हणून अमुक रंगाने अमुक भाव निश्चित जागतो, असे मानणे योग्य नव्हे. संगीत, कथा आणि संस्कार यांच्या संगतीनेच रंगास अर्थ येतो.

शरीरावरील परिणाम मात्र अधिक स्पष्ट आहे. तोल राखण्यास अंतर्कर्ण, स्नायू-सांधे आणि दृष्टी या तिघांचे साहाय्य लागते. गडद निळ्या प्रकाशात मंचाची कड नीट दिसत नाही आणि पाऊल आखडते. वेगाने उघडझाप करणाऱ्या दिव्यांत गिरकी घेणाऱ्याची दृष्टी स्थिरावत नाही. अपस्माराचा त्रास असलेल्या काही व्यक्तींना अशा प्रकाशाने झटकाही येऊ शकतो. लाल प्रकाशात हिरवे लुगडे काळपट भासते, तेव्हा हौसेने निवडलेल्या वेशभूषेचे तेज हरपते.

रंगीत प्रकाश स्वतः वाईट नाही. लोई फुलर या नर्तकीने १८९२ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर रेशमी वस्त्रांच्या लाटांवर रंगीत प्रकाश खेळवून प्रेक्षकांस थक्क केले होते. तिच्या नृत्याची रचनाच प्रकाशासह झाली होती. आपल्याकडे बहुधा नृत्य आधी बसते आणि दिवे ऐनवेळी येतात.

संमेलनाचा खर्च उचलणाऱ्या कुटुंबांनी एवढे पाहावे : एक तालीम दिव्यांसह व्हावी, एका कडव्यास एकच रंग राहावा, दोन्ही बाजूंनी स्थिर, उबदार प्रकाश असावा, मंचाच्या कडेस पांढरी पट्टी असावी, मुलांच्या नृत्यात उघडझाप करणारे दिवे टाळावेत. तारपा नृत्य असेल, तर वादक सर्व नर्तकांस दिसेल एवढा उजेड त्याच्यावर राहावा. फेराचा सारा भरवसा त्याच्यावरच असतो.