दोन जिवांचे जेवण

‘दोन जिवांची आहेस, दोघांचे खा’ हा उपदेश मराठवाड्यातील प्रत्येक गर्भवतीच्या कानावर पडतो. वारंवार दुष्काळ सोसलेल्या या प्रदेशात तो मायेपोटीच जन्मला, यात संशय नाही. तथापि ज्या स्त्रीने वजन उतरविण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेतली आहे, तिला तो पाळणे शरीरतःच अशक्य असते. पुणे, मुंबई वा हैदराबादेस शस्त्रक्रिया करून नांदेड-लातूरला परतलेल्या अशा सुनेला घरात समजून कोण घेणार, हा खरा प्रश्न आहे.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार विशेष रूढ आहेत. एकात जठराचा बराचसा भाग कापून काढतात. दुसऱ्यात जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. दोहोंत घास थोडे जातात; दुसऱ्यात लोह, कॅल्शियम व ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषणही बरेच घटते. वजन उतरते, पाळी नियमित होते आणि कित्येक वर्षे न राहिलेले दिवस अकस्मात राहतात. वजन झपाट्याने घटत असता गर्भाचे पोषण होणे कठीण. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर किमान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असे तज्ज्ञ सांगतात.

या मातांमध्ये गर्भारपणातील मधुमेह कमी आढळतो, हा मोठाच लाभ होय. परंतु अपेक्षेपेक्षा लहान बाळ जन्मण्याचा संभव वाढतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. त्यात शोषणाची ही उणीव मिळाली की काय होईल, हे सांगावयास नको.

अशा स्त्रीने दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे, सावकाश चावून खावे. जेवताना पाणी पिऊ नये. रोज सुमारे ६० ग्रॅम प्रथिने पोटात जाणे अगत्याचे असते. लातूर ही तर तुरीची प्रसिद्ध बाजारपेठ. पण पातळ आमटीने हे गणित सुटत नाही. घट्ट वरण, मोडाची उसळ, दही, अंडी आधी खावीत, भाकरी त्यानंतर. डोहाळजेवणातील गोडाधोडाचा आग्रह मात्र आवरावा. साखर एकदम आतड्यात उतरल्याने घाम, धडधड व घेरी येऊ शकते. लोहाची व कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये.

वजन पुन्हा वाढेल या भीतीने उपाशी राहणे हीदेखील घोडचूकच. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००९ च्या शिफारशीनुसार गर्भारपणी स्थूल स्त्रीचेही वजन ५ ते ९ किलो वाढणे इष्ट असते.

परंतु या साऱ्याच्या आड येते ती लपवाछपवी. नितीन गडकरी यांच्यावर २०११ साली ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी ती बातमी छापली आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही. लग्नाच्या मुलीने मात्र ती सासरपासून, प्रसंगी डॉक्टरांपासूनही लपवावी, अशी आपली रीत! या लपविण्याची किंमत जबर असते. सरकारी केंद्रात मधुमेहाच्या तपासणीसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजतात. जठराची जोडणी बदललेल्या स्त्रीला ते बाधू शकते. तिच्यासाठी आठवडाभर बोटाच्या रक्तावरून साखर मोजणे हा पर्याय असतो. सततच्या ओकाऱ्यांनी ब-१ जीवनसत्त्व घटून मेंदूला इजा होऊ शकते. तीव्र पोटदुखी हा आतडे अडकल्याचा इशाराही असू शकतो. तिला ‘गॅस’ म्हणून ओवा चारीत बसण्यात जिवावर बेतेल.

तेव्हा शस्त्रक्रियेचा कागद गर्भवतीच्या कार्डाबरोबर प्रत्येक तपासणीला गेला पाहिजे. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था यांनी प्रसूतितज्ज्ञ व आहारतज्ज्ञ अशा स्त्रियांना एकत्र भेटतील, अशी सोय करावी. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होते, त्यानेही पुढील सूचना सोप्या मराठीत लिहून द्याव्यात.

उरतो तो घरचा उपदेश. तो टाकून देण्याचे कारण नाही. एकच शब्द बदलावा. ‘दोघांचे खा’ असे न म्हणता सासूबाईंनी म्हणावे, ‘दोघांसाठी खा’.