गोधडी आणि शांतीचा बाजार

थंडीची चाहूल लागली की अलीकडे एक नवाच उपदेश कानी येतो. विणकाम करा, भरतकाम करा. मन शांत होईल, स्फूर्ती मिळेल! उपदेश खोटा नाही. पण तो ज्या पेटीबरोबर येतो ती जरा उघडून पाहा. कापड आधीच कातरलेले, नक्षी आधीच छापलेली, दोरे क्रमांक लावून ठेवलेले. घेणाऱ्याने छापलेल्या रेघेवरून सुई फिरवावयाची आणि शांत व्हावयाचे! माझे भांडण आहे ते या शांतीशी.

आपल्याकडे हिवाळ्याचे हातकाम म्हणजे गोधडी. कुठे कुठे तिला वाकळ म्हणतात. ती कोणी मनःशांतीसाठी शिवली नाही. पौषात निफाडकडे पारा उतरतो, तेव्हा अंगावर घ्यावयास काही हवे, म्हणून शिवली. जुनी लुगडी, विरलेली धोतरे, फाटक्या सदऱ्यांचे तुकडे एकावर एक अंथरावयाचे, कच्चे टाके घालून धरावयाचे आणि मग कडेपासून आत आत धावदोरा घालीत जावयाचे. दोरा जास्त ओढला तर चुणी पडते. सैल सोडला तर पहिल्याच धुण्यात आतल्या चिंध्यांचा गोळा होतो. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते, पण थर जागच्या जागी राहिले तरच. म्हणजे प्रत्येक टाक्याला काही काम आहे. त्या कामावर डोळा ठेवता ठेवता मन थाऱ्यावर येते. गोधडी हे मुद्दल आणि शांती हे त्यावरचे व्याज. मुद्दल न गुंतवता व्याज मागणाऱ्यांना काय म्हणावे?

स्फूर्तीचेही तेच. मी कादंबऱ्या लिहितो. अडलेले प्रकरण टेबलापाशी डोके धरून बसल्याने सुटत नाही. सकाळच्या उन्हात टाके घालताना पुष्कळदा सुटते. हात गुंतलेले असले की मनाला कोणी हटकीत नाही.

कोणी म्हणेल, पानिपतचे ब्लँकेट स्वस्तात मिळते, मग हा खटाटोप कशाला? घ्या की ब्लँकेट! दिवसभर राबून जिला रात्री जमिनीला पाठ टेकावयास मिळते, तिला गोधडी शिवावयास सांगण्याचा निर्लज्जपणा मी करणार नाही. पण तीच बाई पोटासाठी तुमची गोधडी शिवून देते, तेव्हा आपण काय करतो? ‘कापड आमचेच, मग एवढे पैसे कसले?’ म्हणून हुज्जत घालतो. आणि शांतीच्या पेटीवर छापलेली किंमत मात्र मुकाट्याने मोजतो.

१९२२ ते १९२४ या काळात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी नेमाने सूत कातीत. पण ते सूत कापडासाठी होते, हे विसरू नये. पुढे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. आज शाळेत त्याचे काय झाले आहे, ते मी रोज पाहतो. मुलाचा ‘प्रकल्प’ आई रात्री जागून करते, नाहीतर बाप दुकानातून तयार आणतो, आणि आम्ही मास्तरमंडळी त्यावर गुण देतो! चिरंजीवांना सदऱ्याचे तुटलेले बटण लावता येत नाही ते नाहीच.

त्यातून मुलाच्या हाती सुई देण्याची घराघरांतून लाज वाटते. गल्लीतला शिंपी पुरुष असलेला चालतो. घरातल्या पुरुषाने सुई धरली की तो बायकी ठरतो. मजुरीसाठी शिवले तर धंदा, घरासाठी शिवले तर हसे! हा कुठला न्याय? आणि शांती व स्फूर्ती एवढ्या मोलाच्या असतील, तर त्या घरातल्या निम्म्या माणसांना का नाकारावयाच्या?

दिवाळीचा फराळ संपत आला असेल. कडाक्याच्या थंडीला अजून अवकाश आहे. वाचकहो, ट्रंकेतली दोन जुनी लुगडी बाहेर काढा, ओसरीवर अंथरा आणि चिरंजीवांना समोर बसवा. सुईत दोरा ओवण्याचे काम त्यांच्याकडेच द्या, डोळे त्यांचे चांगले आहेत. एकदोनदा सुई टोचेल, टोचू द्या.