मुंगीची दृष्टी

पाठशाळेत इंद्रियांनुसार जीवांचे भेद शिकविताना मुंगीची गणना त्रींद्रियांत होते. स्पर्श, रस आणि घ्राण ही तिची तीन इंद्रिये. चक्षू आढळतो तो पुढच्या गटात, माशी व भ्रमर यांच्या ठायी. गुळाच्या ढेपेकडे वासावरून निघालेली रांग दुकानात नित्य दिसत असल्याने या क्रमाविषयी सहसा प्रश्न उद्भवत नाही.

प्रयोग मात्र निराळे सांगतात. ट्युनिशियाच्या रखरखीत प्रदेशात कॅटाग्लिफिस नावाच्या मुंग्या भर उन्हात एकेकट्या अन्न शोधतात. गंधाच्या वाटेवाचूनही त्या आपल्या चिमुकल्या बिळाशी परततात. झुरिच विद्यापीठाचे रूडिगर वेनर यांनी सहकाऱ्यासह १९७९ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. बिळाच्या दोन्ही बाजूंना दोन नळकांडी ठेवली. मुंग्यांना ती परिचित झाल्यावर त्यांना दूर नेऊन तेथे तशीच नळकांडी मांडली. मुंग्या नेमक्या मधोमध बीळ शोधू लागल्या. नळकांड्यांतील अंतर दुप्पट करताच त्या मध्य सोडून एकेका नळकांड्याजवळ घुटमळू लागल्या. मग नळकांडीही दुप्पट मोठी केली, तेव्हा त्या पुन्हा मध्यावर आल्या. कारण तेथूनच नळकांडी पूर्वीएवढी व पूर्वीच्याच दिशांना दिसत होती. म्हणजे मुंगी अंतर मोजत नव्हती. डोळ्यांत साठविलेल्या चित्राशी समोरचे दृश्य जुळवीत होती.

सर्वच मुंग्या अशा नाहीत. आफ्रिकेतील डोरिलस जातीच्या कामकरी मुंग्यांना डोळेच नसतात. घरातील अनेक मुंग्याही प्रामुख्याने गंधावरच विसंबतात.

परंपरेतील गणना आणि प्रयोगाचा निष्कर्ष यांत येथे अंतर आहे, ते झाकण्याचे कारण नाही. इंद्रियगणनेमागील हेतू जीवाची वेदना ओळखावी हाच होता, आणि अधिक इंद्रियांच्या जीवाची हिंसा अधिक गंभीर मानली गेली. तेव्हा मुंगीच्या पदरी एक इंद्रिय अधिक पडल्याने विवेकाचे ओझे हलके होत नाही, वाढतेच.

ओट्यावरील मुंगी पुंजणीने हळुवार उचलून दूर अंगणात सोडली की जीवदान दिल्याचे समाधान मिळते. परंतु त्या अनोळखी जागी तिची गंधाची वाट नसते आणि ओळखीचे दृश्यही नसते. प्राण वाचतो, घर हरवते. म्हणून तिला रांगेच्या जवळच सोडावे, आणि मुळात डब्याचे झाकण घट्ट लावावे.